वेळ : नेहमीप्रमाणे

त्यांचं खरं नाव हजेरीपत्रकात होतं आणि तिथेच राहिलं. रुग्णालयात त्यांना सगळे टेलिफोनबाई म्हणत. एक्स्चेंज बंद होऊन पंधरा वर्षं लोटली होती. टेलिफोन गेला, बाई राहिल्या.

एकविसाव्या वर्षी त्या तिथे चिकटल्या तेव्हा खोलीत चार बोर्ड होते, कानाला घट्ट बसणारे हेडफोन होते आणि समोरच्या भिंतीवर एक गोल घड्याळ होतं. ते घड्याळ सतरा मिनिटं पुढे होतं. कधीकाळच्या मेट्रननं ते मुद्दाम पुढे केलं होतं, पोरी ड्यूटीवर वेळेत याव्यात म्हणून. आधी दहा मिनिटं केलं, तर पोरींनी चार दिवसांत ओळखलं आणि दहा मिनिटं उशिरा येऊ लागल्या. मग मेट्रन म्हणाली, "सतरा करा. सतरा कुणाला पटकन वजा करता येत नाहीत." आठवडाभरात सगळ्यांना यायला लागले. पण घड्याळ तसंच राहिलं, आणि ‘वजा सतरा’ हा रुग्णालयातल्या जुन्या माणसांच्या डोक्यातला एक कायमचा हिशेब झाला.

एक्स्चेंजचा एक नियम मात्र कागदावर होता : बोलणाऱ्यानं फोन ठेवल्याशिवाय ऑपरेटरनं लाइन सोडायची नाही. बाईंनी तो कधी मोडला नाही. मध्येच कुणी रडायला लागलं तरी नाही.

बोर्ड गेले तेव्हा बाईंना एका नव्या खोलीत बसवलं. दारावर लांबलचक नाव होतं, सुरक्षा नियंत्रण कक्ष वगैरे. सगळे त्याला ‘पहारा’ म्हणत. काम समजावून सांगणारा तरुण इंजिनिअर जरा घाबरतच म्हणाला होता, "मावशी, कुणी चोरून आपल्या कॉम्प्युटरमध्ये शिरलं की इथे दिवा लागतो. तो बघायचा."

"म्हणजे तेच की," बाई म्हणाल्या. "आधी दिवा लागला की फोन असायचा. आता चोर असेल."

आणि त्या शिकल्या. पहिल्या वर्षी वही केली, दुसऱ्या वर्षी वही बाजूला ठेवली. तिसऱ्या वर्षी नव्याने येणारी पोरं त्यांच्या खुर्चीमागे उभी राहून शिकायला लागली.

पहाऱ्याचं जग दोन भागांत होतं : वर आणि खाली. खाली म्हणजे तळघर. तिथे रुग्णालयाची स्वतःची जुनी मशीनं होती. प्रयोगशाळेची यंत्रं, दारांची कुलुपं, कोण कधी कार्ड लावून आत गेलं आणि बाहेर पडलं त्याच्या नोंदी. वर म्हणजे क्लाउड. रुग्णांचे रिपोर्ट, मेल, डॉक्टरांच्या वेळा हे सगळं कुठल्यातरी परक्या कंपनीच्या मशीनवर ठेवलेलं. ते नेमकं कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून ‘वर’. यावरून पहाऱ्यात रोज एकच विनोद चालायचा आणि तो रोज नवा असल्यासारखं सगळे हसायचे.

"हाडांच्या विभागाची फाइल कुठाय?"

"वर गेली."

"अरेरे! कधी?"

"काल दुपारी. अगदी शांतपणे."

तळघरातल्या मशीनची देखभाल करणाऱ्या माणसाला तळघरवालेच म्हणत. दारांचं मशीन सुरक्षेसाठी बाहेरच्या जगापासून तोडलेलं होतं. ते नुसतं पहाऱ्याला नोंदी पाठवायचं, कुणाकडून काही घ्यायचं नाही. त्यामुळे त्याची वेळ हातानं लावावी लागे. दर महिन्याच्या एक तारखेला तळघरवाले एक्स्चेंजला फोन करत.

"बाई, वेळ?"

बाई भिंतीकडे बघून सांगत. सतरा पुढची. तळघरवाल्यांनाही ते ठाऊक होतं, बाईंनाही. सगळ्या नोंदवह्या त्याच घड्याळावर चालत, तर दारांनी वेगळं का चालावं? एक्स्चेंजची खोली पाडली तेव्हा तळघरवाल्यांनी ते घड्याळ खाली नेऊन मशीनच्या डोक्यावर टांगलं. म्हणाले, "हे मशीन पोरकं व्हायला नको."

दोन वर्षांपूर्वी, एका सकाळी, तळघराच्या जिन्यावर तळघरवाले बसले ते उठले नाहीत. त्याच महिन्यात वरचं आणि खालचं एकाच पडद्यावर दाखवणारा नवा बोर्ड आला. कंपनीच्या माणसांनी प्रत्येक मशीनचा अर्ज भरायला दिला. मशीन कुठे आहे, कोण बघतं, किती जुनं आहे, वेळ कशी लावली जाते. तळघराचे अर्ज बाईंनी भरले, कारण भरायला दुसरं कुणी उरलं नव्हतं. अकरा अर्ज. दारांच्या मशीनच्या अर्जात ‘वेळ’ या रकान्यापाशी त्या थांबल्या. तिथे सतरा मिनिटांची ती सगळी कथा मावणार नव्हती. त्यांनी लिहिलं : नेहमीप्रमाणे.

कंपनीच्या माणसानं वाचलं आणि बरोबरची खूण केली.

तेव्हापासून एक तारखेला बाई स्वतः खाली जात आणि मशीनवर टांगलेल्या घड्याळात बघून त्याची वेळ लावत. पडद्यावर वरचं आणि खालचं जुळत नाही असं दिसलं, की मनातल्या मनात सतरा वजा करत आणि दिवा विझवत. त्यांच्या पाळीत कधी काही अडलं नाही. बाकीच्या दोन पाळ्यांत काय होत असेल, याचा विचार त्यांनी केला नाही. किंवा करायला लागल्या की थांबत.

*

निवृत्तीला सात आठवडे उरले होते तेव्हा रिपोर्टची चोरी झाली.

चारशे रुग्णांचे रक्ताचे रिपोर्ट कुणीतरी वरून उचलले आणि मग लोकांना फोन जायला लागले. एका शिक्षिकेच्या शाळेत फोन गेला आणि तिला काय आजार आहे ते मुख्याध्यापकांना सांगितलं गेलं. ती शिक्षिका रुग्णालयात येऊन स्वागतकक्षात दोन तास बसून राहिली. मांडीवर घडी घातलेला रिपोर्ट. तिनं तक्रार केली नाही, काही विचारलं नाही. जाताना फक्त म्हणाली, "मी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं हो."

रिपोर्ट उचलले गेले ते प्रयोगशाळेतल्या सुईच्या नावावर. सुई म्हणजे रक्त घेणारी मुलगी, वय अठ्ठावीस. कुणाचीही शीर तिला पहिल्या फटक्यात सापडते म्हणून हे नाव पडलं होतं. तिला घरी बसवलं. शुक्रवारी अकराला चौकशी ठरली.

गुरुवारी दुपारी पहाऱ्यातली ढापणी खुर्ची सरकवत बाईंच्या शेजारी आली. जाड भिंगांचा चष्मा, तीक्ष्ण डोकं आणि बोलण्याचा वेग असा की ऐकणाऱ्याला धाप लागावी. बाईंनीच तिला तयार केलं होतं.

"बाई, दोरा ओवला! वरच्या-खालच्या नोंदी जुळल्या. बघा. डावीकडे वरचं, उजवीकडे खालचं. एक वाजून बारा मिनिटं, सुईच्या नावानं रिपोर्ट मागायला सुरुवात. एक एकवीस, संपलं. मागणी आली ती प्रयोगशाळेतल्या तिच्याच मशीनवरून. आता ती म्हणते मी एकच्या सुमाराला जेवायला गेले. खालचं बघा. प्रयोगशाळेचं दार. सुई बाहेर पडली एक चोवीस. आत ती एकटी. काम उरकलं, तीन मिनिटं थांबली, निघाली. काय बोलणार आता?"

बाईंचं डोकं बाईंना न विचारताच चाललं. चोवीस वजा सतरा, सात. एक वाजून सात.

"बाई?"

"हं."

"सही करा. ज्येष्ठ म्हणून तुमची लागते. ‘वेळा तपासल्या’, इथे खाली."

"उद्या सकाळी करते गं. चष्मा विसरलेय आज."

"डोक्यावर आहे तुमच्या."

बाईंनी डोक्याला हात लावला. चष्मा तिथेच होता. "हा लांबचा," त्या म्हणाल्या आणि उठून पाणी प्यायला गेल्या. ढापणी त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. बाईंना दोन चष्मे नव्हते, हे तिला माहीत होतं.

*

घरी मास्तर खिडकीपाशी पेन्सिलींना टोकं काढत बसले होते. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. आताशा कमी ऐकू यायचं, पण मान्य करायचे नाहीत.

"अहो, त्या सुईची उद्या चौकशी आहे."

"कुणाची मावशी?"

"चौकशी!"

"मग एवढं ओरडतेस कशाला? ऐकू येतं मला." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "ती पोरगी? माझं रक्त घेते तीच ना? मागच्या वेळी मी डोळे मिटून बसलो होतो, म्हटलं आता टोचेल, मग टोचेल. तर म्हणते, आजोबा, झालं कधीच, उठा. ती असलं काही करेल?"

"नाही केलं तिनं."

"तुला कसं माहीत?"

बाईंनी सांगितलं. मेट्रनचं घड्याळ, अर्ज, तो रकाना, एक चोवीस आणि एक सात. हळू सांगितलं तरी मास्तरांना सगळं ऐकू आलं.

"मग सांगून टाक की."

"सांगितलं तर विचारतील, दोन वर्षं काय करत होतात."

"विचारतीलच. पाच आठवडे राहिलेत. बोलणी खाशील, घरी येशील. मी आहे बोलायला, तुला सवय आहे."

बाई हसल्या नाहीत. "भांडारवाला आठवतो तुम्हाला?"

औषधभांडारात वीस वर्षं काम केलेला माणूस. गेल्या वर्षी कपाटातली मोजून ठेवलेली औषधं नाहीशी झाली. तो तेव्हा आत होता, असं दाराच्या नोंदीत निघालं आणि त्याला काढून टाकलं.

"तू नव्हतीस त्या पाळीला."

"नव्हते. पण निकालाचा शेवटचा कागद सगळ्या पाळ्यांना फिरला होता. त्यात दाराची वेळ होती. मी वाचली. वाचली, अहो, आणि कागद पुढच्या टेबलावर दिला. वजाबाकी केली नाही. आयुष्यात तेवढी एकच वजाबाकी मी केली नाही."

"विसरलीस."

"तसंच म्हणत आले मी वर्षभर."

मास्तरांनी पेन्सिलीचा भुसा तळहातावर गोळा केला. बराच वेळ त्यांना तो कुठे टाकायचा ते सुचेना. मग म्हणाले, "उद्या जेवणाचा डबा मी भरतो."

*

चौकशी पहाऱ्याच्या प्रमुखांच्याच खोलीत होती. प्रमुख चाळिशीचा, भला माणूस, कायम अर्धवट झोपेत असल्यासारखा. ढापणीनं कागद मांडले होते. सुई खुर्चीच्या कडेवर बसली होती, हात मांडीवर पालथे. बाईंनी ते हात बघितले.

"बाई, तेवढी सही," प्रमुख म्हणाले.

"मी सही करणार नाही. वेळ चुकीची आहे."

"कुठली?"

"खालची. दारांच्या मशीनचा अर्ज काढा. दोन वर्षांपूर्वीचा, माझ्या अक्षरातला."

ढापणीनं तो पडद्यावर काढला, मोठा केला आणि रकाना वाचला. "‘नेहमीप्रमाणे’. बरोबर तर आहे."

"बाई," प्रमुख सावकाश म्हणाले, "नेहमीप्रमाणे म्हणजे काय?"

"म्हणजे सतरा मिनिटं पुढे."

मग ढापणी झटक्यात उठली. "चला खाली."

चौघंही तळघरात उतरले. ज्या पायरीवर तळघरवाले बसले होते, तिथे बाई सवयीनं कडेनं गेल्या. मशीनच्या डोक्यावर गोल घड्याळ चालू होतं. अकरा एकोणपन्नास. मशीनवर अकरा एकोणपन्नास. ढापणीनं हातातला फोन त्यांच्या शेजारी धरला. अकरा बत्तीस.

"एक सात," ढापणी पुटपुटली. "एक सातला ती बाहेर पडली. मशीन उघडं टाकून गेली आणि बाहेरून कुणीतरी चोरून त्यात शिरून..." तिनं फोन खाली घेतला. "बाई, मी दोन वर्षं याच वेळांवर दोरे ओवतेय."

"हो."

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"मी सांगायला हवं होतं."

सुई भिंतीला टेकून उभी होती. "मी दहा दिवस हेच सांगतेय, एकच्या सुमाराला गेले. मला म्हणाले, मशीन खोटं बोलत नाही."

"ते खोटं बोललं नाही गं. मी त्याला सांगितलं तेच बोललं."

"तुम्हाला हे कधी कळलं? माझ्याबाबतीत?"

बाई म्हणू शकल्या असत्या, आज सकाळी. "काल दुपारी."

"काल दुपारी." सुई त्यांच्याकडे बघत राहिली. "काल संध्याकाळी माझ्या आईनं मला विचारलं, खरं सांग, तू केलंस का? माझ्या आईनं. तुम्ही काल दुपारी बोलला असतात तर तिनं ते विचारलं नसतं."

सुईनं आभार मानले नाहीत, मानायचं कारणही नव्हतं. ती जिना चढून गेली. वरून तिच्या फोनवरचं बोलणं ऐकू आलं, "आई, अगं ऐक ना, ऐक..."

प्रमुखांनी कपाळ चोळलं. "बाई, तुमच्यावर कारवाईचा कागद निघेल, हे तुम्हाला माहीत आहे."

"निघू दे. आधी अजून एक फाइल काढा. गेल्या वर्षीची, औषधभांडार."

"एका वेळी एक प्रकरण घेऊ या ना."

"घड्याळ एकच आहे, साहेब. प्रकरणंही एकच."

ढापणीनं प्रमुखांच्या परवानगीची वाट पाहिली नाही. तिथेच जमिनीवर मांडी घालून तिनं लॅपटॉप उघडला. कपाट उघडल्याची नोंद वरची होती, म्हणजे खरी : पाच चाळीस. भांडारवाल्याची बाहेर पडल्याची नोंद खालची : पाच बावन्न. ढापणीनं बोटांवर मोजून वजाबाकी केली, मग पुन्हा केली. तिला सतरा पटकन वजा करता येत नव्हते.

"पाच पस्तीस," बाईंनी सांगितलं.

"कपाट उघडलं तेव्हा तो दाराबाहेर होता," ढापणी म्हणाली. "पाच मिनिटं आधीच."

प्रमुख खाली वाकून पडद्याकडे बघत राहिले. "मी संचालकांना लिहितो. मग रीतसर पत्र पाठवू त्याला."

"पत्र पाठवा," बाई म्हणाल्या. "फोन मी करते."

*

नंबर त्यांच्या जुन्या वहीत होता. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडताच त्या पहाऱ्याच्या बाहेरच्या जिन्यात बसल्या आणि नंबर लावला. पलीकडे मालमोटारीचा आवाज येत होता, कुणीतरी खोकी आपटत होतं.

"हॅलो? पटकन बोला, कामावर आहे."

"एक्स्चेंजमधून बोलतेय," बाईंच्या तोंडून निघून गेलं. मग म्हणाल्या, "टेलिफोनबाई."

आपटण्याचा आवाज लांब गेला. तो कुठेतरी आडोशाला आला असावा. "बोला बाई."

त्यांनी सांगितलं. सांगताना आवाज बोर्डवरच्यासारखा ठेवला, सरळ आणि स्पष्ट. दाराची वेळ चुकीची होती. घड्याळ पुढे होतं.

"किती?"

"सतरा."

"मेट्रनचे सतरा?"

तोही जुनाच माणूस होता. त्याला ते सतरा माहीत नसतील असं कसं?

"मी सांगितलं होतं त्यांना," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "म्हटलं, तळघरातलं घड्याळ पुढे असतं, माझं ऐकू नका, टेलिफोनबाईंना विचारा. दुसऱ्या दिवशी म्हणाले, बघितलं, बाईंनी लिहून दिलंय, वेळ नेहमीप्रमाणे बरोबर आहे. मग मी गप्प बसलो. म्हटलं, बाईंनीच लिहिलंय तर..."

"मला कुणी विचारलं नाही हो."

"असं होय."

"पण मीही विचारलं नाही. तुमचा कागद माझ्या हातात आला होता. वेळ वाचून मी तो पुढे दिला."

मालमोटार सुरू झाली, मागे गेली, थांबली. कुणीतरी त्याला हाक मारली. त्यानं ओ दिली नाही.

"हे आज का सांगताय?"

"कालपर्यंत धीर झाला नाही. आज दुसऱ्या एका मुलीवर तेच आलं होतं." बाईंनी जिन्याचा कठडा घट्ट धरला. "तुम्हाला परत बोलावतील की नाही, ते माझ्या हातात नाही. प्रमुख संचालकांना लिहिताहेत. मला तुम्हाला फक्त वेळ सांगायची होती. त्या दिवशी तुम्ही पाच पस्तीसला बाहेर पडलात."

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "मी तिथेच होतो, बाई."

त्यानंतर तो काही बोलला नाही, पण फोनही ठेवला नाही. खोकी पुन्हा आपटायला लागली. पुन्हा हाक आली. बाई कानाला फोन लावून बसून राहिल्या. ढापणी दारातून डोकावली, त्यांच्याकडे बघितलं आणि दार हळूच ओढून घेतलं. पलीकडे त्याचा श्वास ऐकू येत होता. तो ठेवेपर्यंत लाइन सोडायची नव्हती.